सात नंबरची खाट

सिस्टर निवृत्त झाल्या तेव्हा वॉर्डातल्या सगळ्यांनी मिळून त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. एकतीस वर्षं घड्याळाच्या काट्यावर काढलेल्या बाईला घड्याळच द्यावं, यात कोणाला गंमत दिसली नाही. त्यांना मात्र दिसली.

पुढे दवाखाना शहराबाहेर नव्या इमारतीत गेला. जुनी दगडी इमारत एका बिल्डरने घेतली, कमानी तशाच राखल्या, नक्षीच्या फरशा घासून लखलखीत केल्या आणि आत फ्लॅट काढले. सिस्टरांच्या मुलाने त्यातला एक घेतला. आईचे डोळे हाताने झाकून तिला वर नेलं.

"आता ओळख, कुठे आणलंय तुला?"

ओळखायला डोळे कशाला हवेत? जिन्याचं वळण आलं तेव्हाच पायांनी ओळखलं होतं. तो त्यांचाच वॉर्ड होता. जिथून सुटल्या तिथेच आणून बसवल्या. मुलाच्या चेहऱ्यावर मात्र इतका आनंद होता की सिस्टरांनी तोंडाशी आलेला शब्द गिळला. दोन वर्षांनी तो बदलीवर दुसऱ्या शहरी गेला आणि त्या उरल्या.

फ्लॅट देखणा होता, त्यात वाद नाही. छत उंच, खिडक्या पुरुषभर उंचीच्या, पण उघडायच्या नाहीत. दर्शनी भागाला हात लावायला बंदी. सजावट करणाऱ्याने खाटांचे जुने पत्र्याचे नंबरसुद्धा जपून ठेवले होते. पलंगाच्या डोक्याशी निळ्यावर पांढरा सात. 'एवढा तरी काढून द्या,' म्हणून त्या सोसायटीच्या सेक्रेटरीकडे गेल्या होत्या. "सिस्टर, तो वारसा आहे," तो म्हणाला. सात नंबरच्या खाटेने किती जणींना किती रात्री जागवलं, हे त्या वारशात कुठे लिहिलेलं नव्हतं.

शरीराला काय, जागा ओळखीची झाली की ते जुन्या सवयी उकरून काढतं. पहाटे साडेपाचला जाग यायची. चादरीचे कोपरे पाकिटासारखे दुमडले जायचे. मात्र वॉर्डात दुपारी दोनला पुढच्या पाळीची सिस्टर यायची. तिला ओव्हर द्यायचा: कोणत्या खाटेवर कोण, कोणाचा ताप किती, कोण सकाळपासून जेवलेली नाही. मग पर्स उचलायची आणि बाहेर पडायचं. त्या बाहेर पडण्यावरच एकतीस वर्षं निभावली होती.

धाकट्या बहिणीच्या घरी खालच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या. दार उघडलं की रस्ता, रस्त्यावर माणसं. "ये की ताई, किती दिवस भिंतींशी बोलशील?" बहीण फोनवर म्हणे. मुलगा आढेवेढे घेत फ्लॅट विकायला तयार झाला. "पण आई, वर्षअखेरपर्यंतच. नाही गेला तर पुन्हा हा विषय नाही. तुझ्यासाठीच तर घेतलाय ना मी?"

वर्षाचा शेवटचा आठवडा उजाडला. एजंट बाराच्या सुमाराला येऊन उशा सारख्या करून गेला होता, एक वाजता पाहुण्यांना घेऊन आला. त्यांना जिन्यात थांबवून आधी एकटाच आत शिरला.

"मावशी, बाहेरगावची माणसं आहेत. दवाखान्याचं नाव काढू नका. घर स्वतःच बोलतं."

"मग तुम्ही कशाला एवढं बोलता?"

"माझं पोट आहे हो त्यावर."

नवराबायको आणि नवऱ्याची आई असे तिघं होते. सुनेला सहावा-सातवा महिना असावा. तिने फरशीवरून चप्पल काढून पाऊल फिरवलं, कमानीखाली उभी राहून वर बघितलं आणि नवऱ्याला हळूच म्हणाली, "हेच." सिस्टरांनी ते ऐकलं. मनातल्या मनात त्यांनी बहिणीच्या खोलीत पलंग कुठे लावायचा तेही ठरवलं.

आणि तेवढ्यात सुनेला भोवळ आली, तिचा हात कमानीवरून घसरला.

"बस, खाली बस. पाठीवर नको, डाव्या कुशीवर हो." तो आवाज सिस्टरांनाच ओळखू आला नाही. तिला पलंगावर निजवलं, पायाखाली उशी सरकवली, एक हात मनगटावर ठेवला. दुसरा हात न बघता वर गेला आणि साताच्या शेजारी भिंत चाचपू लागला. तिथे मदतीला बोलवायची घंटा असायची. आता गुळगुळीत रंग होता. हात तसाच भिंतीवर राहिला.

पोरगी दोन मिनिटांत सावरली. "उपाशी निघालीस ना?" सिस्टरांनी विचारलं. ती ओशाळून हसली.

सासूबाई मात्र भिंतीवरच्या हाताकडे बघत होत्या. मग साताकडे. "तुम्ही इथेच होतात का हो नोकरीला?"

एजंट खाकरला. "तसं नाही, मावशी म्हणजे..."

"खरं सांगा. काय होतं इथे?"

रुग्णाच्या माणसाने तोंडावर विचारलं तर खोटं सांगायचं नाही, हे सिस्टर नव्या पोरींना शिकवत आल्या होत्या.

"बायकांचा वॉर्ड. मी इथेच होते."

"आणि या खाटेवर कोणी..."

"हो. बऱ्या होऊन गेलेल्याच जास्त."

सुनेने तोंड उघडलं होतं. सासूबाईंनी तिचा दंड धरून तिला अलगद उठवलं. "पहिलटकरीण आहे हो आमची," त्या सिस्टरांना म्हणाल्या, जवळजवळ माफी मागितल्यासारखं. दारातून पोरीने एकदा मागे वळून कमानीकडे पाहिलं.

"याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण," एजंट म्हणाला आणि कागद गोळा करून निघाला.

मुलाचा फोन आला. "काय झालं?"

"नाही जमलं."

"जाऊ दे. मला आतून वाटतच होतं, तुझा जीव तिथेच रमतो. आता विषय बंद ना?"

"हो," त्या म्हणाल्या.

सिस्टरांनी पोरीच्या अंगाखाली चुरगळलेली चादर झटकली आणि चारही कोपरे दुमडून घट्ट खोचले. मग पर्स घेऊन दाराजवळच्या खुर्चीत बसल्या. समोरच्या घड्याळात दोन वाजले. जिन्यावर पावलं वाजली, वळणाशी आली आणि वरच्या मजल्याकडे निघून गेली.