फ्रीजपुढचा पाट

आमच्या घरात फ्रीज उघडायचा तर आधी पाटावर चढायचं. लालबागची खोली सोडून मीरा रोडला आलो तेव्हा सामानाबरोबर आलेला तो शिसवी पाट. देवापुढे नाही, पंगतीला नाही, कायमचा फ्रीजपुढे. कारण आमचा फ्रीज चावायचा. आमच्याकडे हाच शब्द. शॉक बसतो म्हटलं की वायरमनला बोलवावं लागतं. चावतो म्हटलं की पाटावर चढून भागतं. कोणी पाहुणा पाणी घ्यायला स्वयंपाकघरात शिरला की मी बाहेरूनच ओरडायचे, "पाटावर, पाटावर!" तो बिचारा दचकून चढायचा, बाटली काढायचा आणि उतरायचा. सहा-सात वर्षं हे चाललं होतं आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी सगळ्यांना शिव्या घालणार आहे.

सुरुवात धाकट्या भावापासून. तो पुण्यात असतो, कंप्युटरमधला मोठा माणूस. तीन-चार महिन्यांतून एकदा उगवतो, आईसाठी काहीतरी आणतो, जेवतो आणि जातो. आई अकरा वर्षं माझ्याकडे आहे. घरात आम्ही दोघीच. तिचं एकोणऐंशी वय, पाय सुजतात, तळवे जळजळतात. रोज तेल मी लावते, रिक्षातून धक्के खात डॉक्टरकडे मी नेते. पण फोनवर तोंड भरून बोलते ती मुलाशी. असो.

ह्या खेपेला त्याने चटई आणली. काळी, रबरासारखी, वर्तमानपत्राच्या पानाएवढी. तिला एक वायर आणि वायरीला एकच पिन, ती प्लगच्या वरच्या जाड भोकात घालायची.

"अर्थिंग मॅट, ताई. आपलं जमिनीशी कनेक्शनच तुटलंय. तुम्ही राहता चौथ्या मजल्यावर. ह्यावर अनवाणी पाय ठेवले की शरीर डायरेक्ट जमिनीला जोडलं जातं. सूज, जळजळ, सगळं कमी."

"जमीनच हवी असेल तर आईला पुण्याला ने की. तुझं घर तळमजल्यावर आहे."

"तू ना, भयंकर निगेटिव्ह आहेस."

"बरं. आणि ही काम करतेय की नाही ते कसं कळणार?"

"सोपं आहे. पाय ठेवले की मुंग्या आल्यासारखं वाटेल. तेच चेकिंग."

आईची खुर्ची स्वयंपाकघरात मिक्सरच्या प्लगजवळ असते. त्याने पिन खोचली, चटई पसरली, आईने नुकतेच धुतलेले पाय वर ठेवले. आणि तिचा चेहरा असा काही उजळला म्हणता! "अगं, खरंच झिणझिणतंय!" भावाने माझ्याकडे पाहिलं, जसा काही तो करंट त्याने स्वतःच्या खिशातून घातला होता. मग श्रीखंड-पुरी चापून गेला. घरचं झालं थोडं, व्याह्याने धाडलं घोडं.

त्या दिवसापासून सकाळी दहा आणि दुपारी चार ह्या वेळा चटईच्या झाल्या. आई पाय धुऊन यायची, देवासमोर बसावं तशी बसायची आणि नंतर पुण्याला बातमी द्यायची. "आज जरा कमी होतं रे." "आज छान झिणझिणलं, बाळा." अकरा वर्षं मी तळव्यांना तेल चोळलं, त्याची बातमी कधी कोणाला गेली नाही. माझा नुसता जळफळाट व्हायचा. चटई खोटी आहे हे सिद्ध करायचं एवढंच माझ्या डोक्यात होतं. आईची काळजी वगैरे काही नाही, सरळ सरळ खुन्नस. उगाच चांगुलपणा कशाला सांगू?

एका दुपारी आई न्हाणीघरातून थेट ओल्या पायांनी आली, चण्यांची वाटी घेऊन खुर्चीत बसली आणि तिने चटईवर पाय ठेवले. "आई गं!" पाय असा उडाला की हातातली चण्यांची वाटी ओट्याखाली गेली. मी धावले. तर ही हसतेय! म्हणते, "आज फारच काम करतेय."

मी खाली वाकून बोटाची मागची बाजू चटईला लावली. चावली. अगदी ओळखीचं चावणं. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. पिन खेचून काढली आणि तिथेच उभ्या उभ्या भावाला फोन लावला.

"तुझी चटई आईला चावली."

"चटईत करंट नसतोच, ताई. ती फक्त अर्थिंगला जोडते. तुमच्या बिल्डिंगचं अर्थिंग चेक कर."

ह्या प्रकरणात तो एवढं एकच खरं बोलला आणि त्याचाच मला जास्त राग आला. पण गेले सेक्रेटरीकडे. हा आमच्याच विंगमध्ये पहिल्या मजल्यावर राहतो, सोसायटीचं ऑफिस उघडून पंख्याखाली बसणं हे त्याचं मुख्य काम.

"मॅडम, अर्थिंग तो है ना. बिल्डर ने दिया है."

"दिया है तो दिखाइए."

"वो दिखता नहीं, मॅडम. जमीन के अंदर होता है."

"जमीन के अंदर किधर?"

"आप एक लेटर दे दीजिए. कमिटी में रखेंगे."

"आईच्या शोकसभेत ठेवा," मी मराठीत म्हटलं. त्याला मराठी उत्तम कळतं, पण अशा वेळी येत नाही.

शेवटी मासेवालीने वायरमन दिला. ती किनाऱ्यावरच्या चौक गावाहून येते, तिच्या ओळखीचा, शेजारच्या डोंगरी गावातला म्हातारा. पांढरे केस, खांद्याला पिशवी, चेहऱ्यावर जगाचा कंटाळा. चहा विचारला तर नको म्हणाला. पिशवीतून त्याने एक साधा बल्ब काढला, होल्डरमध्ये बसवलेला, खाली दोन वायरी लोंबत्या. मला लांब उभं केलं. एक वायर फेजच्या भोकात, दुसरी अर्थिंगच्या. अर्थिंग नीट असेल तर बल्ब लख्ख पेटतो, त्याने सांगितलं. बल्ब पेटला नाही. नीट निरखून पाहिलं तर आतली तार उदबत्तीच्या टोकाएवढी लालसर दिसत होती, बस.

"अर्थिंग न्हाय, बाय."

"नाही म्हणजे?"

"न्हाय म्हंजे न्हाय."

काय आनंद झाला मला! एका बल्बने भाऊही हरला आणि सेक्रेटरीही. मी पदर खोचून खालीच निघाले होते, पण म्हाताऱ्याने थांबवलं. चटईची पिन परत भोकात घातली आणि चटईला टेस्टर लावला. टेस्टरमधला लाल दिवा लागला. चटई काही करंट बनवत नाही, तो म्हणाला, मग हा येतोय कुठून? त्याने स्वयंपाकघरभर नजर फिरवली. मिक्सर, गिझरची वायर, ओटा. मग नजर खाली आली.

"ह्यो पाट कशाला?"

"फ्रीज चावतो ना, म्हणून," मी म्हटलं. सवयीने. पाहुण्यांना सांगते तसंच.

त्याने पुढे होऊन फ्रीजचं बटण बंद केलं. चटईवरचा टेस्टर विझला. चालू केलं, लागला. बंद केलं, विझला. तीनदा केलं त्याने, मंद पोरीला शिकवावं तसं. मला पहिल्या वेळेलाच कळलं होतं.

घरातली अर्थिंगची सगळी भोकं आतून एकाच वायरीला जोडलेली असतात आणि ती वायर खाली जमिनीत जाते. आमची खाली कुठेतरी तुटली होती. त्यामुळे फ्रीजने जो करंट सांडला त्याला जायला वाटच नव्हती. तो भिंतीतून घरभर फिरत होता आणि मिक्सरच्या प्लगमधून चटईवर येऊन थांबत होता. चटईवर आईचे ओले पाय. चटई भावाची होती, करंट माझा होता.

"किती दिस चावतोय?"

"सहा-सात वर्षं."

"आन् तुमी पाट ठेवला."

त्याने फ्रीज पुढे ओढला. मागे एक वायर पत्र्यावर घासून घासून उघडी पडली होती. केसाएवढं अंतर. "ही पुरी टेकली आसती ना, बाय..." एवढंच बोलून त्याने आईच्या खुर्चीकडे पाहिलं. आई आत झोपली होती. वायर बदलायला त्याला पंधरा मिनिटं लागली. पंधरा मिनिटांच्या कामासाठी मी इतकी वर्षं पाटावर चढत होते, आणि जिला पाट नव्हता तिच्याकडे माझं लक्षच गेलं नव्हतं.

मग खाली गेलो. मीटर रूममधून निघालेली अर्थिंगची पट्टी भिंतीच्या कडेने जात होती आणि अचानक एका कट्ट्यात शिरत होती. ज्येष्ठ नागरिक कट्टा. वर काळ्या ग्रॅनाइटवर अख्ख्या कमिटीची नावं. म्हाताऱ्याने मागून दोन फरश्या हलवल्या. आत पट्टी कापून, टोक वाकवून ठेवलेलं. अर्थिंगचा खड्डा त्या कट्ट्याखाली होता. कट्टा बांधताना आड आली म्हणून कापली असणार. आणि आई रोज संध्याकाळी त्याच कट्ट्यावर बसून शेजारणीला झिणझिण्यांचं कौतुक सांगायची. काखेत कळसा नि गावाला वळसा!

सेक्रेटरी आला. त्या दिवशी मी त्याला जे बोलले ते सगळं इथे लिहिता येणार नाही. माणसं मारायला कट्टा बांधलाय का, त्याच ग्रॅनाइटवर उद्या मेलेल्यांची नावं कोरा, असं बरंच. तो आपला, "मॅडम, आवाज नीचे, आवाज नीचे." बाकड्यांवरचे म्हातारे काठ्या टेकत जवळ आले. आवाज खाली कसला येतोय? पण खरं सांगते, त्यातल्या निम्म्या शिव्या मला होत्या. त्या स्वतःला घालायची हिंमत नव्हती आणि तो समोर उभा होता, म्हणून त्याला घातल्या. त्याच्या वाट्याच्या निम्म्या त्याने कमावलेल्याच होत्या, त्याबद्दल मला काडीचं वाईट वाटत नाही.

आठवड्याच्या आत कट्ट्याचा कोपरा फुटला. नवा खड्डा झाला, अर्थिंगसाठी त्यात मीठ-कोळसा पडला, पट्टी जोडली गेली. म्हातारा परत वर आला, त्याने बल्बच्या दोन वायरी खोचल्या. बल्ब असा पेटला की डोळे मिटावे लागले. चटईची पिन घातली, टेस्टर लावला. काळा ठिक्कर.

"आता बराबर हाय," तो म्हणाला आणि पिशवी उचलून गेला.

दुपारी चार वाजता आई पाय धुऊन आली. चटईवर पाय ठेवले. थांबली. टाचा दाबल्या, बोटं दाबली. पाय उचलून परत ठेवले.

"काही नाही गं."

"आई, काही वाटत नाही म्हणजेच आता ती नीट काम करतेय."

दुकानदार शिळी मेथी ताजी म्हणून देतो तेव्हा त्याच्याकडे पाहावं तसं तिने माझ्याकडे पाहिलं. ते झिणझिणणं फ्रीजचं होतं, माझ्या फ्रीजचं, पाट ठेवून मी फक्त माझे पाय वाचवले. सगळं वाक्य जिभेवर तयार होतं. इतकी तोंडाळ बाई मी, सेक्रेटरीला सोसायटीसमोर सोलून काढलं, आणि हे एक वाक्य मला आईसमोर बोलता आलं नाही. मी चहासाठी दूध काढायला वळले.

मागे तिने पुण्याला फोन लावला. "बाळा, तुझी चटई बंद पडली रे. हिने वायरमन आणून बिघडवली. तिला पहिल्यापासून आवडतच नव्हती ना." मग हळू आवाजात म्हणाली, "पाय ठेवले की वाटायचं, तू दाबतोयस."

दुधाची पिशवी हातात तशीच राहिली.

"ताईला दे," पलीकडून आवाज आला. आईने फोन माझ्यापुढे धरला.

"काय झालं गं? खरंच तू बिघडवलीस?"

"हो रे," मी म्हटलं. "माझ्याकडूनच झालं."

"जाऊ दे, दुसरी पाठवतो."

आईने फोन घेतला आणि हसतमुखाने बाहेर गेली. मी फ्रीजचं दार लावलं. उतरायला पाय खाली टाकला तेव्हा कळलं, मी पाटावर उभी होते.