बारा प्लेटच्या वीस

सव्वीस वर्षं मी दुसऱ्यांचे जंतू वाढवते आहे. रत्नागिरीतल्या एका खासगी लॅबमध्ये जिन्यालगत एक खोली आहे, तिथे. लोकांच्या जखमेतला पू येतो, लघवी येते, छातीतला कफ येतो. त्यातले जंतू आधी मायेने वाढवायचे आणि मग ते कशाने मरतात ते बघायचं. घरी कुणी विचारलं, आज काय केलंस, तर मी सांगत नाही. जेवायच्या वेळी तर नाहीच.

काम तसं सोपं आहे. प्लेटमध्ये पातळ जेली ओतायची. ती गोठली की रुग्णाचे जंतू बोळ्याने तिच्यावर सारवायचे आणि वर औषधांच्या टिकलीएवढ्या चकत्या ठेवायच्या. दुसऱ्या दिवशी चकतीभोवती स्वच्छ रिंगण दिसलं तर औषधाने जंतूंना वाढू दिलं नाही. रिंगण पट्टीने मोजायचं. पुरेसं मोठं असेल तर अहवालात 'एस', म्हणजे औषध चालेल. लहान असेल तर 'आर', चालणार नाही. मी कामाला लागले तेव्हा रिंगणं एवढी मोठी पडायची की एकमेकांत शिरायची आणि लॅबचे सर ओरडायचे, चकत्या लांब ठेवा. आता जंतू चकतीला चिकटून वाढतात. सकाळी इन्क्युबेटर उघडून मी एकेक प्लेट उजेडात धरते आणि आर, आर, आर लिहीत जाते. पूर्वी वाईट वाटायचं. हल्ली नुसता कंटाळा येतो, आणि कंटाळा येतो याचं पुन्हा वाईट वाटतं.

त्या जुलैत घाटात दरड आली आणि कोल्हापूरहून येणारा जेलीच्या पावडरीचा डबा पलीकडेच अडकला. जुन्या डब्यात बारा प्लेट होतील एवढीच पावडर उरली होती. नमुने मात्र थांबत नाहीत. एका रुग्णाला दोन प्लेट लागतात. म्हणजे सहा माणसं, की संपलं. डॉक्टरांचे फोन चालूच होते. सर म्हणाले, बघा काही होतंय का.

मी बघितलं. मांडवीला आमच्या घरी अवचित चार माणसं जेवायला आली तरी मी दुसरा कुकर लावत नाही. आमटी वाढवते, वाटप थोडं पसरते, आणि सगळे पोटभर जेवून उठतात. सासरी माझी तेवढीच एक ख्याती आहे. तीच हिकमत मी इथे केली. पावडरीत पाणी जास्त घातलं नाही, एवढी काही मी अडाणी नाही. जेली अगदी मापात केली, फक्त ओतताना हात आखडता घेतला. बारा प्लेटच्या वीस झाल्या. जेली किती जाड हवी याचा नियम मला पाठ आहे, नवीन मुलींना मीच तो शिकवते. पण दोन-चार दिवसांचा प्रश्न, थोड्याफार फरकाने काय होणार आहे, असं मी स्वतःला समजावलं. सर म्हणाले, तुम्ही आहात म्हणून चाललंय. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

दुसरी चूक त्याच्या पोटातच होती. दर आठवड्याला आम्ही एक ओळखीचा जंतू लावतो. त्याचं रिंगण केवढं पडायला हवं हे ठरलेलं असतं. तेवढं पडलं तर आपली जेली, चकत्या, पट्टी सगळं जागेवर आहे असं समजायचं. त्याला कंट्रोल म्हणतात. त्या आठवड्यात मी तो लावला नाही. त्यालाही प्लेट लागते, आणि आधी पाहुण्यांना वाढायचं, घरचे मागून जेवतील, असा माझा हिशेब.

त्या पाहुण्यांत एक होते देवरूखच्या पलीकडल्या गावचे निवृत्त प्राथमिक शिक्षक. साखरेचा आजार, पायाच्या अंगठ्याशेजारी चिघळलेली जखम. रत्नागिरीच्या एका इस्पितळात त्यांना ठेवलं होतं. सर्जननी सांगितलं होतं, बरोबर औषध लवकर लागू पडलं तर बोटं वाचतील, नाहीतर कापावी लागतील. जखमेतला नमुना घेऊन त्यांची मुलगी स्वतः आली होती. चाळिशीची, शाळेच्या कचेरीत कामाला, रजा टाकून बापाशेजारी बसलेली. मंगळवारी अहवाल न्यायला आली तेव्हा काउंटरवरच तिने तो उघडला. एकाखाली एक आर होते, फक्त एका इंजेक्शनासमोर एस होता. तिने त्या एस वर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघून हसली. मी पण हसले. त्या आठवड्यात कुणाला काहीतरी चांगलं दिल्याचा तेवढाच प्रसंग.

गुरुवारी घाट सुटला आणि डबा आला. मी नवीन प्लेट्स ओतल्या, नीट जाड. जुन्या पातळ वीसांतल्या दोन उरल्या होत्या. टाकून द्यायचा जीव होईना म्हणून कंट्रोलचा जंतू एका नव्या प्लेटवर आणि एका जुन्या प्लेटवर लावला. शुक्रवारी सकाळी नव्या प्लेटवरची रिंगणं हवी तेवढीच होती. जुनीवरची मोठी होती, असायला हवीत त्याहून मोठी. मी पट्टी पुसली, चष्मा पुसला, पुन्हा मोजलं. पातळ जेलीत औषध जास्त दूर पसरतं. हे मला माहीत होतं. माहीत असून मी नऊ माणसांचे अहवाल दिले होते.

नऊही जणांचे जंतू फ्रिजमध्ये राखून ठेवलेले होते. ते सगळे मी नव्या जेलीवर पुन्हा लावले. शुक्रवारी घरी गेले, मासे तळले, कुणाशी बोलले नाही. शनिवारी आठ जणांचं जे आधी आलं तेच आलं. गुरुजींच्या त्या एका इंजेक्शनाचं रिंगण आधी रेषेच्या जेमतेम पलीकडे होतं, ते आता अलीकडे आलं. एस नव्हताच तो. आर होता. मंगळवारी संध्याकाळपासून त्यांना जे टोचत होते त्याचा त्या जंतूंवर काही उपयोग नव्हता.

मी सरांना सांगितलं, सर्जनना फोन मीच केला. ते तरुण आहेत, एरवी फटकळ. या वेळी एवढंच म्हणाले, बरं झालं सांगितलंत, बदलतो. सरांनी सुधारित अहवाल काढायला लावला आणि म्हणाले, कारण लिहू नका, घरच्यांना उगाच कशाला गोंधळात टाकायचं. सर वाईट नाहीत. मला पण ते सोयीचं होतं.

दुपारी मुलगी आली. चार दिवसांत ती चार महिन्यांनी थकल्यासारखी दिसत होती. नवा कागद तिने उघडला, जुना पिशवीतून काढून शेजारी धरला. तिच्या लगेच ध्यानात आलं.

"मॅडम, आधीचा चुकीचा होता का?"

"जंतू बदलतात कधीकधी," मी म्हणाले.

बदलतातही. वाक्य खरं होतं, म्हणून तर ते माझ्या तोंडातून इतकं सहज गेलं. तिने मान हलवली आणि बाकावर बसली. मग आपणहून सांगायला लागली. गुरुवारपासून जखम जास्तच काळी पडायला लागली, साखरही वर गेली. औषध तर चालणारं, अहवालात तसं लिहिलेलं. मग दुसरं काय असणार? भेटायला आलेल्या कुणीतरी फणसपोळीचा पुडा आणला होता आणि तो फोडलेला दिसत होता. बाबांनी शपथ घेतली, मी खाल्ली नाही म्हणून. तिने विश्वास ठेवला नाही. वॉर्डात सगळ्यांसमोर बोलली, जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांना शिस्त लावलीत, स्वतःची जीभ आवरता येत नाही. तुमचा पाय तुम्हीच घालवणार. तेव्हापासून दोघं बोलत नव्हते. ती डबा द्यायची, ते जेवायचे.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हे. चोर काउंटरच्या आत उभा होता, पांढरा कोट घालून. मी तिला पाणी दिलं आणि दुसऱ्या पेशंटची पावती करायला घेतली. आयुष्यात मी बऱ्याच गोष्टी भीतीने केल्या आहेत, पण इतकी स्वच्छ लाज मला कशाचीच वाटली नव्हती.

सोमवारी गुरुजींची दोन बोटं कापली. सर्जन मला म्हणाले, तशीही गेलीच असती बहुतेक. मी विचारलं, बहुतेक म्हणजे? ते म्हणाले, म्हणजे बहुतेक. त्या चार दिवसांनी काय केलं आणि काय नाही, हे कुणी कधी सांगू शकणार नाही. माझ्या पट्टीने मोजता येणारी ती गोष्ट नाही.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत मी इस्पितळात गेले. सरांना सांगितलं नाही. गुरुजी उशीला टेकून बसले होते, पायाला भलंमोठं बँडेज. मुलगी खिडकीजवळच्या बेसिनशी डबा घासत होती. मी कोण ते सांगितलं. त्यांनी हात जोडून "जय भीम" म्हटलं, मीही हात जोडले. त्यांना वाटलं असणार, लॅबची बाई, पैशाबिशाचं काही राहिलं असेल.

मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. पावडर संपली होती, मी जेली पातळ ओतली, तपासून बघायचं ते बघितलं नाही, त्यामुळे न चालणारं औषध चालेल असं लिहिलं गेलं. मुलीकडे वळून म्हटलं, जंतू बदलले नव्हते, मी तुम्हाला खोटं सांगितलं. डबा घासायचा आवाज थांबला.

गुरुजींनी एकदाही मध्ये तोडलं नाही. ते नुसते ऐकत होते, पोराला उत्तर पुरं करू द्यावं तसे. मग विचारलं, किती पातळ? मी दोन बोटांत दाखवलं. त्यांनी ते अंतर नीट बघितलं.

"म्हणजे ते इंजेक्शन लागूच पडत नव्हतं."

"नव्हतं."

"मी काही खाल्लं असतं, नसतं, तरी?"

"तरी नसतं पडलं. त्याचा खाण्याशी संबंध नाही."

मला वाटलं आता ते चिडतील. मी तयारीनेच आले होते. पण त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही, मुलीकडे बघितलं. ती डबा तसाच ओला हातात धरून पलंगाच्या पायथ्याशी आली होती. रडू आवरत म्हणाली, "बाबा, माझं चुकलं."

"थांब गो," ते म्हणाले. "मी एक तुकडा खाल्ला होता. तू भाकरी आणायला गेलेलीस तेव्हा. एकच. मला वाटलं, त्या एका तुकड्यापायी बोटं गेली. कुणाला सांगू?"

सहा दिवस ते हे एकटे धरून होते. ऑपरेशनला नेतानाही. मुलगी त्यांच्या डोक्यावरून ओला हात फिरवत राहिली आणि ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, एकच तुकडा गो, एवढासा. किती लहान ते सांगायला त्यांनी दोन बोटं माझ्यापुढे धरली. मी शेजारच्या पलंगाजवळची खुर्ची ओढून घेतली आणि बसले.