बोटीच्या पत्र्यावरचं नाव

नानासो घार्गे पहाटे साडेचारला उठायचा आणि सहाच्या ठोक्याला बोटीच्या पोटात असायचा. वडूजच्या माळावर अकरा वाजले की पोलादाला हात लावता येत नाही. करायचं ते त्याआधी.

बोट पन्नास फुटी. एकाहत्तरच्या लढाईत खाडीच्या तोंडाशी गस्त घातलेली. तालुक्यातल्या माजी सैनिकांच्या संघटनेनं ती मुंबईच्या भंगारातून सोडवली, ट्रेलरवर घाट चढवून आणली आणि ज्वारीच्या रानांमध्ये सिमेंटच्या ओट्यावर उभी केली. दुपारी मेंढरं तिच्या सावलीला बसत. नानासोनं मुंबईच्या गोदीत चौतीस वर्षं जहाजांचा रंग खरवडला होता, म्हणून हिचा जुना रंग आणि गंज हातोड्यानं उडवायचं काम संघटनेनं त्याला मजुरीवर दिलं होतं. बोटी त्याला नव्या नव्हत्या. तरी पहिल्या दिवशी तो पायताण खाली काढून आत चढला. लढाईवर जाऊन आलेली बोट तो पहिल्यांदाच बघत होता.

संघटनेचा चिटणीस वीरधवल स्वतः नौदलातून निवृत्त झालेला. त्याला उद्‌घाटनाची घाई.

“नाना, ग्राइंडर लावा की. तीन दिवसांत काम मोकळं.”

“लाव की रं. चौथ्या दिवशी पत्र्यातनं पल्याडची ज्वारी दिसंल.”

पत्रा झिजून जेमतेम सूतभर जाडीचा राहिला होता. हातोडा कुठं खणखणीत वाजतो, कुठं बद्द, त्यावर हात किती हलका ठेवायचा ते ठरतं. ग्राइंडरला ते ऐकू येत नाही.

इंजिनाच्या खोलीतली डावी भिंत कापून काढायचं ठरलं होतं. ती खालून सडली होती. सड कुठवर चढली ते दिसावं म्हणून नानासो तीही साफ करत होता. बाविसाव्या दिवशी, रंगाचा सातवा थर उडाला तेव्हा पत्र्यावर ठिपके दिसले. त्यानं बोट फिरवलं. तांब्या-पितळेच्या भांड्यांवर नाव घालतात, तसेच ठोकलेले ठिपके. अक्षरं लागली: लालासाहेब गणू चौगुले, मिरज.

वर्षभर संघटना या बोटीवरचे नाविक शोधत होती, एक हाती लागला नव्हता. नानासोनं हातोडा खाली ठेवला आणि वीरधवलला हाक मारली. हातातली जागा पुरी न करता तो कधी उठत नसे. त्या दिवशी उठला.

भांड्यावर नाव असतं ते मालकाचं. गड्यानं आपल्या जागेवर आपलं नाव घातलं, असंच सगळ्यांनी धरलं. निमंत्रणपत्रिकेत लालासाहेब प्रमुख पाहुणे म्हणून छापून झाले. पत्रिका घेऊन नानासो मिरजेला गेला.

चौगुल्यांचं घर विचारत सापडलं. दारात सत्तरी उलटलेली साळूबाई गहू निवडत होती. नातीनं पत्रिका वाचून दाखवली. साळूबाईचा हात सुपातच राहिला.

“आवं पाव्हणं, ह्ये कुणी लिवलं?”

“आमीच, आक्का. का?”

“लालासायेब माजा थोरला भाऊ. पन्नास वर्सं वर झाली त्येला जाऊन. तुमी त्येला हार घालताय व्हय?”

नानासोला बसायचंही सुचेना. म्हणाला, “बोटीवर नाव हाय त्येंचं. ठिपक्यानं घातल्यालं.”

साळूबाईनं सूप बाजूला सारलं. मग म्हणाली, “लढाईत बोटीवरच ग्येला. तार आली तेवढी. माती न्हाई, राख न्हाई. आमी बाराव्याला त्येच्या नावाची भांडी वाटली. त्येच्यासंगं अर्जुना व्हता बोटीवर, मानदेशातला. त्यो लढाईनंतर आला. म्हनला, ताई, मी बी दादाचं एक भांडं केलंय, बोटीतच. मला वाटलं, माजी समजूत काढतोय. त्यो बी गेला करोनात. मी त्येला खोटाच धरला बगा.”

दुसऱ्या दिवशी सहाला नानासो त्याच भिंतीसमोर होता. नावाच्या डाव्या अंगाला आणि खाली वीतभर रंग तसाच होता. तेवढा खरवडला असता तर मेलेल्या माणसाला आमंत्रण गेलं नसतं. त्यानं हातोडा न घेता पातळ पाती घेतली. आधी ‘कै.’ निघालं. मग नावाच्या खालची ओळ: यांचे स्मरणार्थ, अर्जुना धायगुडे.

नानासोनं ठिपके मोजले. तीनशे सात. सगळे सारखेच खोल, ओळ सरळ सुतात. पितळ मऊ असतं आणि भांडं मांडीत धरता येतं. इथं पोलाद, उभी भिंत, पायाखाली डुलणारी बोट आणि अंगाशी तापलेलं इंजिन. एका हातात खिळा, दुसऱ्यात हातोडी. एकही घाव घसरला नव्हता. चौतीस वर्षांत नानासोनं कुणाच्या कामाला हात जोडले नव्हते. त्या सकाळी जोडले.

वीरधवल म्हणाला, “नाव तेवढं कापून काचेच्या पेटीत ठेवू, नाना. भिंत तर जाणारच.”

“मानूस बोटीवर गेला. नाव बी बोटीतच ऱ्हाईल.”

“मग खालची सडकी पट्टीच तेवढी बदलायला लागंल. एवढ्या पातळ पत्र्याला टाका घालणारा वेल्डर सांगलीहून आणावा लागतो. संघटनेकडं आता दमडी न्हाई.”

“तू बोलीव तर. पैशाचं मी बगतो.”

वेल्डर पाच दिवस राबला. ठिपके तापू नयेत म्हणून नानासो शेजारी ओलं पोतं धरून बसायचा.

उद्‌घाटनाला साळूबाई आली. तिला धरून शिडीवरून आत उतरवलं. तिला वाचता येत नव्हतं. तिनं पहिल्या ठिपक्यापासून शेवटच्यापर्यंत बोट फिरवलं, सावकाश, एकही न गाळता. मग पत्र्याला तळहात लावून उभी राहिली.

“अर्जुना खरं बोलत व्हता,” म्हणाली. वर कुणीतरी भाषण सुरू केलं होतं. खाली ते कुणालाच ऐकू आलं नाही.

नानासोची सव्वीस दिवसांची मजुरी त्या वेल्डरच्या रोजंदारीत आणि हातभर रुंदीच्या नव्या पट्टीत गेली.