तनूच्या नावाचं तेल

ग्रामदैवत सिद्धरामेश्वराच्या गावात, सोलापुरात उभा जन्म गेला, पण गेलं वर्षभर माझं त्याच्याशी बोलणं बंद होतं. माझी एकुलती लेक तनू रक्ताच्या आजाराने गेली. नवस, उपास, अंगारे, आम्ही काही म्हणता काही बाकी ठेवलं नव्हतं. ज्याने ऐकलंच नाही त्याच्यापुढे हात कशाला जोडायचे? लोक समजूत घालायचे, देवाची इच्छा. असली कसली इच्छा, असं मी मनात म्हणायचो.

आणि गंमत पाहा, रोज सकाळी मी धावत होतो ते त्याच्याच वाटेने. सोलापूरभोवती त्याने स्थापलेली अडुसष्ट लिंगं आहेत. संक्रांतीच्या जत्रेत नंदीध्वजाच्या उंच काठ्या मिरवत नेऊन त्या सगळ्यांना तेल घालतात. त्या वाटेने धावलात तर लोक सढळ हाताने देणगी देतील, असं माझ्या मेव्हण्याने सुचवलं आणि ते खरं निघालं. पैसे हवे होते ते दवाखान्याजवळच्या दोन खोल्यांच्या भाड्यासाठी. तनूच्या वॉर्डात दुधनीकडची एक बाई आपल्या मुलाला घेऊन आली होती, ती जिन्याखाली झोपायची. "बाबा, काकूंना आपल्या घरी न्या की," असं तनू म्हणाली. नेऊ म्हणालो, आणि त्याच आठवड्यात सगळं संपलं. पुढे त्या खोल्या घेतल्या. बाहेरगावच्या आजारी मुलांचे आईबाप तिथे राहू लागले. टॉवेलच्या कारखान्यातल्या पगारात ते भाडं भागणारं नव्हतं, म्हणून मी धावायला लागलो.

बनियनवर छातीशी तनूचा फोटो छापून घेतला होता, पुढचा दात पडलेला, हसरा. छापणाऱ्याने विचारलं, फोटोला हार दाखवू का? नावाआधी कैलासवासी घालू का? बायको म्हणाली, हार नको. त्यामुळे खाली एवढंच राहिलं, 'तनूसाठी धाव'. 'गेली' हा शब्द आम्ही दोघांनी घरात कधी उच्चारला नव्हता. नातेवाइकांना ज्याने त्याने परस्पर कळवलं होतं. आमच्यावर तो सांगायची वेळच आली नाही.

चैत्र लागला आणि ऊन सकाळपासूनच भाजून काढू लागलं. गुडघा सुजला होता, देणारेही हळूहळू आटले होते. बायको म्हणाली, "थांबा आता. तुम्हाला काही झालं तर मी कुणाकडे बघू?" तिचं चुकत नव्हतं. त्या दिवशी शेवटचं धावायचं, महिनाअखेर खोल्या सोडून द्यायच्या, असं ठरवूनच मी घराबाहेर पडलो. राहणाऱ्यांना काय सांगायचं ते मात्र सुचत नव्हतं.

निम्म्या वाटेवर, लिंबाच्या झाडाखालच्या एका लहानशा लिंगापाशी पोटरीत असा गोळा आला की मी खालीच बसलो. देवाला तेल घालायला एक म्हातारी आली होती. शहराच्या पूर्व भागातली, विड्या वळणारी, घरात तेलुगू बोलणारी असावी. तिने काही न विचारता माझा पाय मांडीवर घेतला आणि देवाच्या बाटलीतलं तेल माझ्या पोटरीला चोळू लागली.

"रोज बघते की तुला," ती म्हणाली. "कशाला एवढं पळायलास बाबा? तुझ्या पोरीच्या नावानं मी रोज हितं तेल घालते. बरं हाय का आता पोरीला?"

तिने फोटो पाहिला होता. हार नव्हता, म्हणजे पोर आजारी आहे आणि बाप नवसापोटी धावतो आहे, असं तिने धरलं होतं. हो म्हणून उठता आलं असतं. पण जिने माझ्या लेकीसाठी देवाला तेल घातलं तिच्याशी खोटं बोलवेना.

"गेली, अम्मा. गेल्या वर्षीच गेली."

तिचा हात थांबला. मग ती लिंगाकडे वळली आणि घरातल्या माणसाला बोलावं तशी त्याला बोलली, "रोज तेल घेतलास की रे माझ्याकडनं. एक शब्द बोलला न्हाईस?" पदराने डोळे पुसून ती तिथेच बसून राहिली. वर्षभर जे मला त्याला सुनावायचं होतं ते तिने सुनावलं होतं, आणि मी रडू लागलो. तनू गेल्यापासून असा मोठ्याने मी रडलो नव्हतो. तिने रडू दिलं.

मग ती उठली आणि बाटलीत उरलेलं तेल लिंगावर ओतलं.

"आता कशाला, अम्मा?" मी विचारलं.

"तुझी न्हाई तर दुसऱ्या कुणाचं लेकरू असंल की आजारी," ती म्हणाली आणि रिकामी बाटली घेऊन चालू लागली.

लंगडत घरी आलो आणि बायकोला सगळं सांगितलं, तो शब्द उच्चारून सांगितलं. तिने माझ्या तेलकट पोटरीवरून हात फिरवला. मग म्हणाली, "म्हणजे आज सकाळपर्यंत त्या माउलीच्या लेखी आपली तनू होती." आम्ही दोघं एकमेकांना धरून रडलो. खोल्या सोडायचं पुन्हा कुणी बोललं नाही.

याला कुणी चमत्कार म्हणेल, कुणी योगायोग. मला वाद घालायचा नाही. माझी लेक परत आली नाही, दुःख आहे तसंच आहे. पण माझा अबोला त्याने निमूट सोसला, आणि ज्या दिवशी मी सगळं सोडणार होतो त्याच दिवशी मला बोलतं करायला एका अनोळखी आईला पाठवलं, एवढं मी मानतो. मागितलेलं मिळालं तरच सगळं त्याच्या हाती सोपवायचं, असं नसतं, हे मला तिने शिकवलं. तिचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत.

गुडघ्याची सूज उतरल्यावर मी पुन्हा धावू लागलो. पहिल्याच दिवशी बायकोही लिंबाखाली तेल घेऊन आली. आदल्या संध्याकाळी तिने मला खोल्यांवर पाठवून तिथल्या आजारी मुलाचं नाव विचारून आणायला लावलं होतं. लिंगावर तेलाची धार धरून तिने ते नाव घेतलं, सावकाश, जसं एके काळी ती तनूचं घ्यायची.