काच कशाने तडकली

हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगावंसं का वाटतंय, तेही मला नीटसं कळलेलं नाही.

मी हिंगोलीचा. घरातला पहिला ग्रॅज्युएट. २००४ च्या हिवाळ्यात नोकरीसाठी अमेरिकेत, शिकागोजवळच्या शॉमबर्गला आलो, तेव्हा कंपनीतले सीनियर विनयदादा आणि त्यांच्या पत्नी शुभावहिनी यांनी मला घरी ठेवून घेतलं. अपार्टमेंट मिळेपर्यंत म्हणता म्हणता अख्खा हिवाळा. जेवूखाऊ घातलं, दादांचा जुना जाड कोट दिला — असं कोण कुणासाठी करतं?

थंडीचं मला भारी कुतूहल. श्वासाचा मफलरवर बर्फ कसा होतो? नाकातले केस कसे गोठतात? दादा प्रोजेक्टसाठी आठवडाभर बाहेरगावी असायचे, म्हणून सकाळी वहिनींची गाडी मी चालू करून ठेवायचो. चालवता येत नव्हती, पण किल्ली फिरवता येत होती. इंजिन आधी कण्हायचं, दोनदा खोकायचं, मग एकदम सुरू व्हायचं. हीटरची हवा गरम होईपर्यंत मी आत बसून काचेवरचा बर्फ खालून वितळत वर सरकताना बघायचो.

वहिनी टेस्टमध्ये दोनदा नापास होऊन तिसऱ्यांदा लायसन्स मिळवलेल्या. कॉलेजात अकाउंटिंगचा क्लास करत होत्या. तिथे गाडीशिवाय पोचणं शक्यच नव्हतं. एकदा बर्फ खरवडायचा स्क्रेपर दादांच्या गाडीत राहिला, तेव्हा त्यांनी सरळ स्टीलचं उलथणं आणून काच खरवडली. "धिरड्यासारखं सुटतंय बघ!" म्हणाल्या. केवढ्या खुशीत होत्या!

दुसऱ्या दिवशी काचेवर पुन्हा जाड थर. इंजिन चालू होतं, नुसतं थांबायचं होतं. पण मला वाटलं — काय वाटलं? वहिनींना मदत करावी? की काय होतं ते बघावं? खरं सांगायचं तर, बघावं. चहासाठी उकळत ठेवलेलं पाणी मी पातेल्यासकट बाहेर आणलं आणि काचेवर ओतलं.

वाफेचा लोट उठला. बर्फ सपकन घसरला. मी एकटाच हसलो. मग टक् असा आवाज झाला आणि काचेवर एक रेघ या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात गेली.

काचेच्या पेल्यात गरम चहा ओतण्याआधी चमचा ठेवायचा, हे आमच्याकडे लहान मुलांनाही माहीत असतं. मला तर त्याचं शास्त्रही पाठ होतं. तरी हा वेडेपणाच म्हणू. सांगायचंय ते याच्या पुढचं आहे.

मी पातेलं आत नेऊन जागेवर ठेवलं. वहिनी पर्स घेऊन बाहेर आल्या आणि थबकल्या. रेघेवरून बोट फिरवलं.

"काल माझ्या उलथण्यानं झालं असेल का रे हे?"

मी म्हणालो, "असेल, वहिनी."

एवढ्यावर थांबलो असतो तरी — पण नाही. मी त्यांना समजावून सांगितलं. स्टीलने बारीक चरा पडला असणार, रात्रीच्या थंडीत काच आकसली, चरा वाढत गेला. सगळं व्यवस्थित, पायरी-पायरीने. त्यांनी मान डोलावली. इंजिनियर सांगतोय म्हटल्यावर का नाही डोलावणार?

असं मी का केलं? दादा ओरडले असते? ते कधीच ओरडत नसत. घराबाहेर काढलं असतं? छे. मला फक्त त्यांच्या घरातला हुशार मुलगा म्हणून राहायचं होतं.

नवी काच बसली. दादा प्रत्येक पार्टीत सांगायचे, "आमच्या हिनं गाडीवर धिरडी घातली, यार!" सगळे हसायचे. मीही. वहिनीही हसायच्या — पहिल्या एक-दोन वेळा. मग त्या गाडीला हात लावेनाशा झाल्या. "मला नाही जमत हे गाडीबिडीचं," म्हणाल्या, आणि क्लास कॅन्सल केला.

बर्फ वितळल्यावर दादा मला म्हणाले, "गाडी नुसती उभीच आहे, तू शिकून घे." त्याच गाडीवर मला लायसन्स मिळालं. मग दर शनिवारी वहिनींना मीच ग्रोसरीला न्यायचो. त्या शेजारच्या सीटवर पर्स मांडीवर घेऊन बसायच्या. उतरताना दर वेळी म्हणायच्या, "तू आहेस म्हणून बरं रे."

आणि मी दर वेळी म्हणायचो, "त्यात काय, वहिनी."