मीटरवरची ओली गोणी

बायको म्हणते, तुमच्याशी बोलण्यापरीस भिंतीशी बोललेलं बरं. खोटं नाही म्हणत.

बोरी अरबजवळच्या एका दूध संकलन केंद्रावर मी कामाला होतो. थंड दुधाच्या टाकीतून टँकरकडे जाणाऱ्या नळीवर तिथे इलेक्ट्रॉनिक मीटर बसवलं. आत चाक नाही, पातं नाही. दोन चुंबकांच्या मधून दूध वाहिलं की इवलीशी वीज तयार होते आणि तिच्यावरून मीटर लिटर मोजतं. नळीला बाहेरून चिकटवलेली एक काडी दुधाचं तापमान सांगते. दोन्ही आकडे एकाच पडद्यावर. मला त्याचं वेडच लागलं.

मे महिन्यात तो पडदा तापून काळा पडायला लागला. आमच्याकडे तापलेल्या वस्तूवर उपाय एकच. रांजण असो की ताकाचं मडकं, ओली गोणी गुंडाळायची. मी मीटरला गुंडाळली, तिचा पदर नळीवरही आला. तासातासाला वरून मगभर पाणी आणि मूठभर बर्फ. पडदा सुधारला. तापमान चार अंश, टँकर भरेपर्यंत हलायचं नाही.

पण टँकरमधलं दूध पुढे पोचेपर्यंत नासायला लागलं. मी म्हटलं, मीटर चार दाखवते म्हणजे आमचं थंड करणं चोख आहे, घेतलेलं दूधच खराब असणार. एक मावशी दोन म्हशींचं दूध घेऊन उन्हातून सगळ्यांत शेवटी यायची. मी तिच्यावर बोट ठेवलं.

"माहा नातू हेच दूध पिते," ती म्हणाली. "त्याले काही होत नाही अन् तुह्या टाकीले होते?"

"मीटर खोटं बोलत नाही मावशे," मी म्हटलं आणि तिचं दूध बंद केलं.

दूध तरीही नासतच राहिलं. तेव्हाच डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. मी टँकरवाल्याशी भांडत बसलो.

पंधरा दिवसांनी मीटरचा मेकॅनिक आला. "हे कायले बांधलं?" म्हणत त्याने गोणी सोडली, नळी पुसली आणि टँकरकडे दूध सोडलं. आकडा चढत चढत अकरावर थांबला. टाकी थंड करणारा कंप्रेसर कधीचाच ढिला पडला होता, आणि ती काडी दुधापेक्षा माझ्या गोणीचाच गारवा सांगत होती.

संध्याकाळी मावशीकडे गेलो. चूक माझी होती, उद्यापासून दूध आणा, म्हटलं. ती शेण भरत होती. गोठ्यात एकच म्हैस दिसली.

"दुसरी?"

"इकली. दूध घेणारं कोणी नव्हतं तं दोघींले काय चारू?" तिने टोपलं डोक्यावर घेतलं. "त्या मीटरवर इस्वास ठेवाच्या आंधी एकडाव माह्या किटलीत बोट बुडवून चाखून पाह्यलं असतं, बापा."

रोज सकाळी ती किटली मीच तिच्या हातातून घेत होतो.