रोटाव्हेटरची पाती आणि शनिवारचे रोडगे

माझा स्वभाव तापट आहे, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. कारखान्यात मला भट्टीवर घेतलं तेव्हा नवरा म्हणाला, "चला, आता भट्टीवरच भट्टी!" दुसऱ्या दिवशी त्याच्या डब्यात नुसती चटणी-भाकर गेली.

बोरगावच्या बाजूला आमचा छोटा कारखाना. तिथे ट्रॅक्टरमागे माती भुसभुशीत करणाऱ्या रोटाव्हेटरची पाती होतात. पोलादाची पट्टी भट्टीत लालभडक करायची, प्रेसखाली वाकवायची आणि गरम असतानाच तेलाच्या टाकीत बुडवायची. पातं कडक होतं, पण काचेसारखं ठिसूळही होतं. म्हणून ते लगेच दुसऱ्या, मंद भट्टीत दोन तास ठेवावं लागतं. याला आम्ही टेम्परिंग म्हणतो.

चार वर्षं मी टेबलावर तयार पाती तपासली, डोळा मात्र भट्टीवर. जुने भट्टीवाले सोडून गेले तेव्हा कारखाना सांभाळणाऱ्या मिस्त्रींनी भट्टी माझ्या हाती दिली. सासूबाईंनी त्यासाठी जामसांवलीच्या हनुमानाला रोडग्यांचा, गोवऱ्यांवर भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांचा, नवस बोलला होता. तो फेडायला त्यांना एक आठवडाही धीर निघाला नाही.

त्या शनिवारी कारखाना दुपारी सुटणार होता. माझा घाणा, म्हणजे एका खेपेची पाती, तेलातून निघाला तोच दारात ऑटो उभा. आत सासूबाई, धाकटी जाऊ, कणकेचं पातेलं, गोवऱ्यांचं पोतं. "चाल व लवकर!" सासूबाईंनी हाक मारली. मिस्त्री साऊसरला गेले होते, विचारायला कोणी नव्हतं. मी पाती पेटीत भरली आणि ठरवलं, टेम्परिंग सोमवारी करू. लोखंड काय, कुठे पळून जातंय?

जामसांवलीत माझा थाट पाहण्यासारखा होता. रोडगे गोवऱ्यांच्या धगधगत्या आरावर भाजून झाले, मग आम्ही ते गरम राखेत पुरले. भुकेल्या जावेने काडीने राख उकरायला घेतली तशी मी तिच्यावर खेकसले. "हात नको लावू! वरून भाजले म्हणजे झाले काय व? राखेत मुरल्याबिगर आतून कच्चेच रायतात." बिचारीने काडी टाकून दिली. रोडगे मात्र असे झाले, की शेजारच्या पंगतीतले लोकही मागून घेऊन गेले.

सोमवारी पेटी उघडली. पहिल्याच पात्याच्या वाकणावर केसासारखी चीर. दुसऱ्यालाही तीच. तिसरं उचलणार तेवढ्यात पेटीच्या तळातून 'टण्' असा आवाज आला. कोणी हातही लावला नव्हता. मी किंचाळून मागे सरले आणि सगळा कारखाना हसला.

मिस्त्री हसले नाहीत. "कडक केलेलं लोखंड तसंच ठेवलं की त्याच्या अंगातला ताण त्यालेच तोडते," ते म्हणाले. "येत्या शनिवारी आणखी एक घाणा काढा. तोबी असाच गेला तर भट्टी दुसऱ्याले देतो. मंग राग मानू नका."

घरी येऊन मी रडले. माझा मलाच राग आला होता. सासूबाईंना आधी वाटलं, नवसातच काही चुकलं. मी सगळं सांगितलं तसं त्यांनी विचारलं,

"म्हणजे आरावरून काढलं, अन् राखेत पुरलंच नाही?"

"नाही."

"अन् तिथं जावेवर ओरडून राहिली होती!"

मग पदर तोंडाला लावून त्या अशा हसायला लागल्या, की रडता रडता मलाही हसू फुटलं.

पुढच्या शनिवारी सगळे घरी गेले, मी थांबले. सासूबाईही थांबल्या. इतक्या वर्षांत त्यांनी हनुमानाचं शनिवारचं दर्शन चुकवलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. उलट्या ठेवलेल्या पेटीवर बसून त्या मंद भट्टीवर नजर ठेवून होत्या. तासाभराने मी भट्टीचं दार उघडून बघायला निघाले, तर म्हणाल्या, "बस खाली."

सोमवारी त्या माझ्याबरोबर आल्या आणि त्यांनी थेट पेटीला कान लावला. "काहीच नाही बोलून राहिले व." मिस्त्रींनी एक पातं व्हाइसच्या लोखंडी जबड्यात आवळलं, त्यावर लांब पाइप चढवला आणि सगळा भार टाकून ओढलं. पातं वाकलं, आणि सोडल्याबरोबर पुन्हा जागेवर आलं. मग त्यांनी घणाचे घाव घातले. कुठेही चीर नाही. मिस्त्रींनी भट्टीचे हातमोजे माझ्यापुढे धरले. "घ्या. भट्टी तुमची." मला नाचावंसं वाटलं, आणि मी सगळ्यांसमोर खरंच नाचले.

त्या आनंदात पुढच्या शनिवारी कारखान्यामागेच रोडगे लावले. सगळे गोल करून बसले होते, सासूबाई राखेजवळ. मिस्त्रींना भूक आवरेना. त्यांनी इकडेतिकडे बघत हळूच काडी उचलली.

"हात नका लावू, मिस्त्री," सासूबाई म्हणाल्या. "टेम्परिंग होऊन राहिलं."